चाळीस पानांचा प्रबंध

मराठी विभागासाठी लेख लिहितेय असं घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना आधी हसूच आलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाईन की सेव्हंटी नाईन, हे मला आजही मनातल्या मनात जुळवून बघावं लागतं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल वाचकांनी आणि संपादकांनी आधीच माफ करावं. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. का, ते शेवटी कळेल.

माझी मावसबहीण, आम्ही तिला नुसतं ताई म्हणतो, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करत होती. शेवटच्या वर्षाला तिला प्रोजेक्ट होता. आपल्यासारखा चौघांचा ग्रुप नाही की एकाने सर्किट जोडायचं, दुसऱ्याने रिपोर्ट टाईप करायचा आणि बाकी दोघांनी चहा आणायचा. सगळं एकटीने. तिचा विषय होता सिकलसेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला सिकलसेल हा शब्द नवा नाही. तरी बाहेरून आलेल्या मित्रांसाठी सांगते. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. फक्त एक. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आई आणि वडील दोघांकडून हा दोष आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ताईला रक्ताच्या नमुन्यांतलं हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने वेगळं करायचं होतं. म्हणजे जेलच्या एका टोकाला नमुना ठेवायचा, दोन्ही टोकांना व्होल्टेज द्यायचं आणि प्रोटीन सरकताना बघायचं. साधं हिमोग्लोबिन एका वेगाने जातं, सिकलचं दुसऱ्या वेगाने. शेवटी जेलवर वेगवेगळे पट्टे दिसतात.

दिसायला हवेत! ताईचे पट्टे दिसेनात. कधी पसरायचे, कधी पुसट यायचे. मग एकदा दोन दिवस लाईट गेली आणि फ्रीजमधले नमुने खराब झाले. गाईडनी सगळं पुन्हा करायला सांगितलं. नेमकं त्याच वेळी एक चांगलं स्थळ आलं. मावशीचं म्हणणं पडलं की बी.एस्सी. झालीये ना, पुरे झालं. ताई बॅग भरून घरी आली ती परत जायचं नाव काढेना.

त्याच सुट्टीत मी मॅगझिनसाठी मादाम क्युरीवर लेख लिहायचं ठरवत होते. ताईने ते ऐकलं आणि अंथरुणात पडल्यापडल्याच मला सांगितलं की मादाम क्युरी दर वर्षी प्रत्येक कॉलेजच्या अंकात असते, आपल्या भाषेतली एक बाई होती तिच्यावर लिही. त्या रात्री तिने मला कमला सोहोनी यांची गोष्ट सांगितली. मला खरं तर लाज वाटली. कारण १८ जून २०२३ ला गूगलने त्यांच्या एकशे बाराव्या वाढदिवसाचं डूडल केलं होतं. मी ते बघितलं होतं, छान आहे असं वाटलं होतं आणि पुढे स्क्रोल केलं होतं. नंतर मी मिळेल ते वाचलं. मित्रांनो, ही त्यांची गोष्ट आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही केमिस्ट. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून बंगळूरला जी विज्ञानसंस्था १९०९ साली उभी राहिली, जिला लोक तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत आणि आज आपण आय.आय.एस्सी. म्हणतो, तिथून सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे भाऊ होते. आपल्याकडे डॉक्टरच्या घरात डॉक्टर होतात ना, तसं या घरात केमिस्ट्री होती.

आणि साहित्यही होतं. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत! हे कळल्यावर मी उडालेच. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या आणि पुढे त्यासाठी तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाई. म्हणजे एका घरातल्या दोन बहिणी. एक लोककथा आणि आदिवासींच्या चालीरीतींचा अभ्यास करणारी, दुसरी डाळींतल्या प्रोटीनचा. दोघींमध्ये एक गोष्ट मात्र सारखी होती. कुणी मोठ्या खुर्चीवर बसलाय एवढ्या कारणाने त्याचं म्हणणं मान्य करायची सवय दोघींनाही नव्हती.

१९३३ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. केमिस्ट्री मुख्य विषय, जोडीला फिजिक्स. नुसती केली नाही, पहिल्या आल्या. आता पुढे वडील आणि काका गेले तिथेच जायचं, बंगळूरला. अर्ज केला. मार्कांचा प्रश्नच नव्हता. प्रवेश पक्का असं त्या धरून चालल्या होत्या.

अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. १९३० चं नोबेल त्यांना मिळून तीनच वर्षं झाली होती आणि संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. आपण फिजिक्सच्या पुस्तकात ज्यांचा फोटो बघतो, ज्यांच्या शोधासाठी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तेच. त्यांच्यापुढे विशी-बाविशीतल्या मुलीने काय करावं? आपण काय केलं असतं? मी तरी दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरला असता. वडिलांनी आणि काकांनीही रामन यांना विनंती करून पाहिली, उपयोग झाला नाही.

कमलाबाई सरळ बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मुलींना प्रवेश का नाही याचं कारण त्यांनी विचारलं आणि कारण मिळेपर्यंत हलणार नाही असं सांगितलं. तो गांधीजींचा काळ होता, सत्याग्रह हा शब्द हवेतच होता. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. गाईड सांगतील तेव्हा, गरज पडली तर रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये!

तिसरी अट वाचून आमच्या रूमवरच्या मुली एकाच वेळी हसल्या आणि चिडल्या. लक्ष विचलित होणार दुसऱ्याचं, आणि जबाबदारी हिची! पण जरा विचार केला तर नव्वद वर्षांत हे अगदीच संपलंय असंही म्हणता येत नाही. असो.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. त्या अटी योग्य आहेत असं मात्र त्यांनी कधीच मानलं नाही. पुढे मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने त्यांचा सत्कार केला, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही त्यांनी हा प्रसंग सांगितला. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण मनाने कोते होते आणि तो अपमान आपण विसरू शकलो नाही, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. मला हे फार आवडलं. चरित्रांमध्ये नेहमी शेवटी सगळे सगळ्यांना माफ करतात. यांनी मोठेपण आणि चूक दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

आता त्या वर्षाबद्दल. त्यांचे गाईड होते श्री. श्रीनिवासय्या. शिस्तीला अत्यंत कडक, पण शिकवायला तितकेच चांगले. त्यांनी कमलाबाईंना दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रोटीनवर कामाला लावलं. ऐकायला अगदी घरगुती विषय वाटतो. पण भारतासारख्या देशात, जिथे बहुतेक लोकांच्या ताटात मांस-अंडी रोज नसतात, तिथे प्रोटीन येणार कुठून? डाळीतूनच. मग कोणत्या डाळीत किती आहे, कोणत्या प्रकारचं आहे, अंगाला किती लागतं, हे कुणीतरी मोजायला नको? त्या काळात भारतात हे काम करणारे लोक फारच थोडे होते.

आज ताईच्या लॅबमध्ये मशीनमध्ये नमुना ठेवला की स्क्रीनवर आकडा येतो. तेव्हा प्रोटीन मोजणं म्हणजे डाळ दळायची, मिठाच्या पाण्यात तिच्यातलं प्रोटीन उतरवायचं, चोथा गाळून टाकायचा, निवळीतून प्रोटीन परत खाली बसवायचं, मग तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून हिशोब करायचा. एका आकड्यासाठी तास न्‌ तास. आणि तो आकडा खरा आहे हे ठरवायला तेच पुन्हा दोन-तीनदा. प्रयोगशाळेतलं बहुतेक काम हे असंच असतं. युरेका वगैरे सिनेमात असतं.

असं एक वर्ष गेलं. वर्षाच्या शेवटी रामन यांची त्यांच्या कामाबद्दल खात्री पटली आणि त्यांना नियमितपणे संशोधन करायची परवानगी मिळाली. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली याच कामावर कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली.

म्हणजे बघा, आपण ज्याला ‘प्रोजेक्ट सबमिट केला’ म्हणतो तेवढंच त्यांनी केलं होतं. पण तो प्रोजेक्ट अर्धवट राहिला असता तर? वर्षाच्या मध्येच कंटाळून त्या मुंबईला परतल्या असत्या तर? मुली हे काम टिकून करू शकत नाहीत याचा पुरावा म्हणून त्यांचंच नाव पुढे केलं गेलं असतं. मुलग्याने सोडलं तर एकाने सोडलं असं म्हणतात, मुलीने सोडलं तर मुलींनी सोडलं असं म्हणतात. त्या एका वर्षाच्या प्रयोगवहीवर त्यांच्या एकटीचं भवितव्य अवलंबून नव्हतं.

सगळ्यांचं असं चांगलं झालं नाही हेही सांगायला हवं. थोड्याच वर्षांनी अ‍ॅना मणी नावाची मुलगी बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत आली. हिरे आणि माणकांतून येणाऱ्या प्रकाशाचा तिने अभ्यास केला, पेपर लिहिले, १९४५ साली प्रबंधही सादर केला. पण तिच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने तिला पीएच.डी. दिली नाही. अ‍ॅना मणी पुढे हवामानशास्त्रात खूप मोठ्या झाल्या. पीएच.डी. मात्र राहिली ती राहिलीच. मास्टर्स डिग्रीच्या कागदाची किंमत काय असते ते यावरून समजतं.

एम.एस्सी.नंतर कमलाबाईंना शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिन्सच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या विभागात कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केलं. रिश्टर यांनी त्यांना दिवसा काम करायला नेहमीचं टेबल दिलं. बंगळूरला रात्री काम करायची अट आणि इथे दिवसाचं हक्काचं टेबल! पुढे रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. हे हिल म्हणजे बारावी बायोलॉजीवाल्यांना आठवत असेल, ‘हिल रिअ‍ॅक्शन’वाले. वनस्पतींवर काम करणारे.

इथे कमलाबाईंनी हातात घेतला बटाटा. आपला साधा, भाजीचा बटाटा. त्यात त्यांना सापडलं सायटोक्रोम सी.

हे काय ते मी एक इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी म्हणून सांगते, बायोलॉजीवाल्यांनी सांभाळून घ्यावं. आपण जे खातो त्यातली ऊर्जा पेशी एकदम भडका उडवून काढत नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्याने दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा वापरता येते. म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत एक सर्किट चालू आहे! सायटोक्रोम सी हा त्या सर्किटमधला एक वाहक. त्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू असतो, हीम नावाच्या चौकटीत बसवलेला. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमचे पट्टे स्पेक्ट्रोस्कोपमध्ये दाखवले होते. वनस्पतीच्या पेशींमध्येही श्वसनासाठी हेच सायटोक्रोम सी काम करतं, हे कमलाबाईंनी बटाट्यावरून दाखवलं. म्हणजे बटाटा आणि बटाट्याची भाजी खाणारा माणूस, दोघांच्या पेशी एकाच पद्धतीने श्वास घेतात.

आणि गंमत म्हणजे ताईच्या हिमोग्लोबिनच्या मधोमधही तेच हीम आहे. ताई ही गोष्ट सांगत होती तेव्हा पहिल्यांदा उठून बसली. मला कागदावर हीमची चौकट काढून दाखवायला लागली. मावशी दारातून बघत होती.

कमलाबाईंनी चौदा महिन्यांत हे काम पूर्ण केलं आणि प्रबंध लिहिला. टाईप केलेली पानं किती? फक्त चाळीस! आपल्या मिनी प्रोजेक्टचा रिपोर्टसुद्धा फाँट वाढवून, अंतर सोडून साठ पानांपर्यंत ताणला जातो, त्यात निम्मा नेटवरचा. त्यांच्या चाळीस पानांना केंब्रिजने १९३९ साली पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांचं नाव घेतलं जातं. जानकी अम्मल यांनी त्याआधी १९३१ साली अमेरिकेत मिशिगनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, ती डी.एस्सी. म्हणून नोंदली जाते. पहिली कोण हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दोघींच्याही पुढे रस्ता नव्हता, त्यांनी तो केला, हे महत्त्वाचं.

बाहेर राहायची संधी असून त्या १९३९ लाच भारतात परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये बायोकेमिस्ट्रीचा नवा विभाग निघाला, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते अ‍ॅक्च्युअरी होते, म्हणजे विम्याचं गणित करणारे. मग त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवू लागल्या. म्हणजे लग्नाच्या वेळी त्यांची पीएच.डी. होऊन आठ वर्षं झाली होती आणि लग्नानंतर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात जास्त काम केलं. ही ओळ मी मुद्दाम लिहिली आहे. कुणासाठी, ते तिला कळेल.

मुंबईतलं त्यांचं काम वाचताना मला सारखा आपला जिल्हा दिसत होता. त्यांचे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी कशावर काम करायचे? गरीब माणूस जे खातो त्यावर. डाळी, कडधान्यं, भाताचं पीठ. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं असतात. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटातलं प्रोटीन पचवणारं एन्झाईम. ते अडलं की खाल्लेलं प्रोटीन अंगाला लागत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेने ही द्रव्यं वेगळी काढून तपासली. कडधान्यं भिजवून, चांगली शिजवून खायची आपल्या आज्यांची रीत का बरोबर आहे, ते अशा कामातून कळतं.

आणि सगळ्यात गाजलेलं काम नीरेवरचं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. नीरा म्हणजे ताडाचा किंवा शिंदीचा ताजा गोड रस. रात्री मडकं बांधायचं आणि पहाटे उतरवायचं. ऊन चढलं की त्यातलं यीस्ट कामाला लागतं, साखरेचं अल्कोहोल होतं आणि नीरेची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात. या रसात जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे आणि त्याच्या गुळातही ते बरंचसं टिकतं, असं कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने दाखवलं. मग कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा देऊन पाहिली तेव्हा त्यांच्या तब्येतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले जवळजवळ एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत (हा आकडा मी दोनदा तपासला, सिक्स्टी नाईनच!). अक्कलकुवा, धडगावचं नाव पेपरात येतं ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. त्या बातम्या वाचून आपल्याला वाईट वाटतं आणि आपण पान उलटतो. कमलाबाई केंब्रिजहून आलेल्या होत्या. त्यांना कुठलाही चकचकीत विषय घेता आला असता. त्यांनी ताडाच्या झाडाखालच्या मडक्यातला रस घेतला आणि सायटोक्रोम सीसाठी जी शिस्त वापरली तीच त्याला लावली. विज्ञान कुठल्या प्रश्नासाठी वापरायचं हे आपणच ठरवायचं असतं, ते यावरून मला समजलं.

सरकारच्या आरे दूध प्रकल्पालाही त्या दुधाच्या दर्जाबद्दल सल्ला देत. पण इथेही अडथळे संपले नव्हतेच. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षं लांब ठेवलं गेलं. शेवटी ते पद मिळालं तेव्हा केंब्रिजला टेबल देणाऱ्या त्याच डेरेक रिश्टर यांना त्याचा मनापासून आनंद झाला. पहिल्या खेपेला प्रवेशासाठी उभं राहावं लागलं होतं, दुसऱ्या खेपेला खुर्चीसाठी. दोन्ही वेळा त्यांनी काम थांबवलं नाही.

१९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गाईडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्या सुरुवातीच्या सभासदांत कमलाबाई होत्या, पुढे १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. आता प्रयोगशाळा थेट स्वयंपाकघरात आली. हळदीत, तिखटात, दुधात भेसळ आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते त्या लोकांना शिकवू लागल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांसाठी त्यांनी लेख लिहिले. मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या नंदुरबारच्या माणसाला तिखटातली भेसळ ही काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको!

आणि त्यांनी लहान मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. मराठीत. केंब्रिजची पीएच.डी. असलेल्या बाईने, जिचे सगळे पेपर इंग्रजीत, तिने मुलांसाठी मात्र मराठी निवडली. मी हा लेख मराठीत का लिहिला याचं हे एक कारण.

१९९८ साली दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आय.सी.एम.आर.ने, त्यांचा सत्कार ठेवला होता. पंच्याऐंशी पार केलेल्या कमलाबाई त्या समारंभात कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. ज्या संशोधनाच्या जगाने दार लावून घेतलं होतं, ते उठून टाळ्या वाजवत असतानाच. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा तयार झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला माहीत आहे. पण मला त्या एकत्र लक्षात राहतात. त्यांनी ज्या मुलांसाठी काम केलं तशी मुलं जिथे सगळ्यात जास्त आहेत अशा जिल्ह्याला त्या वर्षी नाव मिळालं.

आता ताईचं सांगते. ती गोष्ट सांगून झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती परत गेली. माझ्या लेखामुळे वगैरे नाही, लेख तर तेव्हा लिहिलाही नव्हता! मला वाटतं, दुसऱ्याला सांगता सांगता तिने ते स्वतःलाच पुन्हा सांगितलं. मावशीने स्थळाला थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत, तो भाग वेगळा. ताईने नवीन नमुने घेतले. बफर स्वतः बनवला, पी.एच. तीन-तीनदा तपासला. आणि एके दिवशी दुपारी तिने मला फोटो पाठवला. जेलवर दोन पट्टे, एक पुढे, एक मागे, अगदी स्पष्ट. तो नमुना एका वाहकाचा होता. मी वीस वेळा झूम करून बघितला. मावशीला दाखवला. मावशीने विचारलं की एवढ्या दोन रेघांसाठी दोन वर्षं का. मग मी तिला समजावून सांगितलं की अशा दोन रेघा लग्नाआधी मुलाच्या आणि मुलीच्या रक्तात बघितल्या तर पुढे होणाऱ्या बाळाला काय धोका आहे ते आधीच कळतं. मावशी बराच वेळ मोबाईल हातात धरून बसली.

ताईचा प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट झाला, व्हायवाही झाली. पानं भरली एकशे बारा. चाळीस पानात संपवायला अजून शिकायचंय असं तीच हसत म्हणते. तिने जग बदललेलं नाही. तिच्या कामाने उद्या सकाळी सिकलसेल जाणार नाही. पण ते काम पूर्ण आहे. पुढच्या वर्षी जी मुलगी हा विषय घेईल तिला ताईची वही मिळेल, आणि काय करू नये हेही त्यात लिहिलेलं आहे.

आपल्यापैकी कितीजणांचे प्रोजेक्ट आत्ता अडकलेत? कुणाचा कोड कंपाईल होत नाही, कुणाचा आय.सी. जळलाय, कुणाचा पार्टनर पळालाय. प्रोजेक्ट विकत घ्यायची दुकानंही आहेत, आपल्या सगळ्यांना पत्ता माहीत आहे. मी स्वतः गेल्या सेमिस्टरला त्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आले आहे, खोटं कशाला सांगू. पण या वर्षी ब्रेडबोर्ड माझाच असेल. चालला तर चालला, नाही चालला तर का नाही ते लिहीन.

आणि हा लेख मराठीत लिहिण्याचं दुसरं कारण. अंक छापून आला की त्याची एक प्रत मावशीला द्यायची आहे. ती इंग्रजी वाचत नाही.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन